दातवाले मेहबूबभाई आणि माझे दोन स्क्रू

साठाव्या वर्षी मी एका छापील कागदावर खोटी खूण केली. 'तंबाखूचं व्यसन आहे का?' असा प्रश्न होता, पुढे दोन चौकोन होते. मी 'नाही'च्या चौकोनात अशी ठसठशीत खूण केली की अडतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्याचं सार्थक व्हावं. त्या वेळी माझ्या पर्समध्ये, रुमालाच्या घडीत, हिंगाची एक जुनी डबी होती आणि त्या डबीत हिंग नव्हता.

मिश्री होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळाभोर होईपर्यंत भाजायचा, वाटायचा, वस्त्रगाळ करायचा, की झाली मिश्री. बायका ती बोटावर घेऊन दातांना चोळतात, घटकाभर तोंडात धरतात आणि कुणी विचारलं तर 'दात घासत होते' म्हणतात. मीही तेच म्हणायची. शिवाय माझ्याकडे वकिली मुद्दा होता. तंबाखू खातात, मिश्री लावतात. कागदावर लावण्याबद्दल कुठे काय विचारलं होतं?

ही सवय लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पहिली नेमणूक किल्लारीकडच्या एका खेड्यात. दाढ ठणकायला लागली, डॉक्टर तालुक्याला, आणि घरमालकीण म्हणाली, "मास्तरीणबाई, जरा लावून बघा, लई हलकं वाटतंय." लावली. डोकं गरगरलं, हातातला खडू पडला, पण दाढ गप्प झाली. उदगीरच्या लिंगायत घरातली ती पोरगी, कपाळावर विभूती, साधा चहा प्यायलासुद्धा सासरी आल्यावर शिकणार होती. तिनं ठरवलं, आठ दिवसांत सोडून देऊ. ते आठ दिवस अडतीस वर्षं चालले. पुढे ती बाई नांदेडला मुख्याध्यापिका झाली, दर वर्षी पोरांकडून तंबाखूमुक्तीची शपथ म्हणवून घ्यायला लागली, आणि शपथ झाली की ऑफिसच्या मागच्या नळावर 'तोंड धुवायला' जायला लागली. आज ती बाई मला भेटली तर मी तिला अंगठे धरून उभी करीन.

त्या कागदावरची खूण खोटी आहे हे माझ्या मते सगळ्या नांदेडात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते म्हणजे मेहबूबभाई दातवाले. आणि मेहबूबभाई कुणाचं काही कुणाला सांगत नसत.

इतवाऱ्यातल्या एका बोळात त्यांची खोली होती. दुकान म्हणावं तर पाटी नव्हती. "पाटी लावली की लोक पाटीखालून यायला लाजतात," ते म्हणत. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडातलं माप घेऊन इकडे पाठवायचे, मेहबूबभाई त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचे आणि त्या जबड्यावर गुलाबी मेणात दात रचून कवळी तयार करायचे. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हेच केलं होतं, तेव्हा काळपट रबराच्या कवळ्या असत. मेहबूबभाई किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी, हात कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे. कानावर पेन्सिल ठेवावी तशी मेणाची कांडी ठेवलेली. बोलता बोलता ती कांडी हातात यायची, बोटं चालायची, आणि बोलणं संपेपर्यंत तिचा सुळा झालेला असायचा. समोरच्याच्या तोंडातलाच सुळा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माणूस मुळात संशयी. डॉक्टरच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता, कंपनीच्या रंगाच्या पट्टीवर नव्हता, नवीन मशिनीवर तर मुळीच नव्हता. आणि मी कमी संशयी नव्हते. दोन संशयी माणसं समोरासमोर बसली की फार गोड बोलतात. आमचं तसं होतं.

पन्नाशीला टेकले होते तेव्हा मुदखेडच्या स्टेशनवर पुलाच्या पायऱ्या उतरताना, गाडी सुटेल म्हणून धावले. गाडी मिळाली. वरचे पुढचे दोन दात पायरीवर राहिले. डॉक्टरांनी माप घेतलं, तर दुसऱ्या दिवशी निरोप आला, दातवाल्यांनी स्वतः बोलावलंय, येताना जुना फोटो आणा. मी शाळेचा गटफोटो घेऊन गेले. मेहबूबभाईंनी भिंग लावून तो इतका वेळ पाहिला की मला वाटलं, हा माणूस माझ्यामागे उभ्या असलेल्या शिपायाचे दात मोजतोय.

"बाई, तुमचा डावा दात उजव्याच्या अंगावर चढलेला हाय."

"होता. आता पडलाच आहे तर सरळ करा की."

"न्हाई."

"का?"

"सरळ केला तर तुम्ही हसल्या की लोक म्हणतील, बाईनं दात बसवले. वाकडा ठेवला तर म्हणतील, बाई पडली पण दात वाचले."

दोन दातांची काढघाल प्लेट त्यांनी केली, वाकड्यासकट. बसवल्यावर त्यांची एक परीक्षा असायची. वाण्याला ते भाव म्हणायला लावत, वकिलाला कोर्टातलं बोलणं, एका कीर्तनकाराला तर त्यांनी बोळात उभं राहून अभंग म्हणायला लावला होता म्हणे. मला म्हणाले, "एकोणतीसचा पाढा म्हणा." 'स'ला शिट्टी वाजते का ते त्यांना ऐकायचं होतं. मी सुरू केलं. एकोणतीस साते एकशे त्र्याण्णव म्हटलं, तसा त्यांनी हात वर केला.

"वाजली का शिट्टी?"

"शिट्टी न्हाई. दात बराबर हाय बाई. पाढा बघून घ्या."

पांढऱ्याशुभ्र दातांची त्यांना चीड होती. कुणी टीव्हीवरच्यासारखे दात मागितले की ते कात्रण दूर सारायचे. "एवढे पांढरे दात टीव्हीवाल्यांचे. त्यांच्यावर कुणाचा भरोसा हाय का? नक्को." मग गिऱ्हाइकाला बाहेरच्या उजेडात नेऊन, डोळ्यांतला पांढरा भाग बघून ते रंग ठरवत. "डोळ्यापेक्षा दात पांढरा झाला की समजायचं, माणूस खोटं बोलून राहिला."

खोलीत एक उंच कपाट होतं, आत प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा. प्रत्येकावर आकडा, नाव नाही. कोणता आकडा कुणाचा हे एकट्या मेहबूबभाईंच्या डोक्यात. मला त्या कपाटाची भारी उत्सुकता. एकदा विचारलं, "हा खालून दुसरा, मोठा जबडा कुणाचा हो?"

"मालकाचा."

"मालक कोण?"

"ज्याचा जबडा तो."

तेवढ्यात मागच्या दारानं शहरातले एक बडे व्यापारी आत आले. माझी प्लेट दुरुस्तीला उघडी होती, म्हणून मी पटकन पडद्याआड सरकले. आदल्याच दिवशी एका लग्नात याच गृहस्थांनी दहा लोकांत 'सत्तरी आली, पण बत्तीसच्या बत्तीस घरचे' असं म्हणत अख्खी सुपारी फोडून दाखवली होती, आणि शेजारी ताट धरून उभे असलेले मेहबूबभाई "माशाल्ला, माशाल्ला" करत होते. आता त्या घरच्या बत्तिसातले तीन कागदाच्या पुडीत होते. मेहबूबभाईंनी पुडी घेतली, पडद्याकडे बघितलं आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "शेठ, पडद्यामागं कुणी न्हाई. बिनधास्त बसा." म्हणजे मी तिथं नव्हतेच. गेली चोवीस वर्षं मी तिथं नव्हते, म्हणून त्या शेठजींचं नाव मला माहीत नाही.

रमजान ईदच्या आधी ते कपाट साफ करत. वर्षभरात जो मालक गेला असेल त्याचा जबडा खाली काढायचा, छोट्या हातोडीनं फोडायचा, भुगा पाण्यात कालवून अंगणात टाकायचा. "मेल्यावर घरच्यांना कळायला नक्को," ते म्हणत. "नवऱ्याला न्हाई कळलं ते पोराला कशाला?" मला तेव्हा हे फाजील वाटलं होतं. दात म्हणजे काय लपवाछपवीची गोष्ट आहे, असं मी म्हणाले. पर्समध्ये डबी ठेवून म्हणाले.

दर वर्षी मी प्लेट सफाईला द्यायची. मेहबूबभाई ती दिव्याखाली धरायचे, खालच्या खाचेत निरखून बघायचे, बारीक ब्रशनं घासायचे. एकदा म्हणाले, "बाई चहा लई पिता वाटतं."

"शाळेत होतोच."

"हाव. काळा चहा."

बस. दहा वर्षांत एवढंच बोलले.

मग मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला. पेढा चिकट होता. मी चावला, त्यांनी हात मागे घेतला, आणि उरलेल्या अर्ध्या पेढ्याबरोबर माझे दोन दात त्यांच्या चिमटीत गेले. बिचाऱ्यांनी प्रसंग ओळखून मूठ मिटली. मी पदर तोंडाला लावला तो तासभर काढला नाही. पुढच्या सहा वक्त्यांनी 'बाईंना भावना अनावर झाल्या आहेत' असं सांगून माझं कौतुक केलं. त्याच दिवशी मी ठरवलं, आता हाडात बसणारे दात घ्यायचे.

ते दात बसवणारी डॉक्टर घरचीच होती. मेहबूबभाईंची मुलगी नसरीन. चौथीत माझ्याच वर्गात होती. पट्टीनं रेघ मारताना जीभ बाहेर काढायची, तीच नसरीन दाताची डॉक्टर झाली होती आणि वजिराबादेत तिनं नुकताच दवाखाना उघडला होता. हाडात धातूचा बारीक स्क्रू बसवायचा, तीनचार महिन्यांत हाड त्याला धरून घेतं, मग त्यावर दात चढवायचा. पेढा खा, ऊस खा.

मी बातमी घेऊन इतवाऱ्यात गेले. वाटलं, बाप खूश होईल. मेहबूबभाईंनी माझी प्लेट मागितली, उलटी करून उजेडात धरली आणि चक्क हुंगली.

"बाई, चार महिने थांबा."

"कशाला?"

"थांबा. मग बसवा."

आता माझ्यातली संशयी बाई जागी झाली. याला माझी वर्षाची सफाई जाईल म्हणून वाईट वाटतंय? की स्क्रूत काही खोट आहे? मैत्रिणीची जाऊ म्हणाली होती, कुणाकुणाचे काढलेले स्क्रू पुन्हा वापरतात. मी सरळ विचारलं, "स्वतःच्या लेकीच्या हातावर भरोसा नाही की काय?"

त्यांनी कानावरची मेणाची कांडी काढली, परत ठेवली. "लेकीच्या हातावर हाय," ते म्हणाले.

आठ दिवसांनी ते माझ्या घरी आले. कुणाच्या घरी न जाणारा माणूस, सायकल घेऊन फाटकापाशी उभा. आत या म्हटलं तर आले नाहीत. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "बाई, ते सुटलं का?"

"काय ते?"

त्यांनी तर्जनी वरच्या दातांवरून फिरवली.  प्लेटच्या खाचेत दहा वर्षं साचणारा तो 'काळा चहा' मला तेव्हा उमगला.

"कधीच सोडलं! महाशिवरात्रीपासून." गळ्यातल्या लिंगाला हात लावून मी म्हणाले. हे लिहितानाही कान तापतात.

मेहबूबभाईंनी माझ्या तर्जनीच्या पिवळट टोकाकडे पाहिलं. "ठीक हाय," म्हणाले. "तुमचा शब्द." आणि सायकल वळवली.

म्हणून तो कागद पुढे आला तेव्हा मला खूण करणं भागच होतं. खुर्चीत बसल्यावर नसरीननंही विचारलं. माझ्या तोंडात आरसा घालून, थोडी थांबून, खाली अवजारांकडे बघत म्हणाली, "बाई, फॉर्मवर लिहिलंय ते बरोबर आहे ना? मिश्री वगैरे काही...?"

"नसरीन," मी म्हणाले, "शपथ तुला कुणी शिकवली होती?"

पोरगी लाल झाली. "सॉरी बाई," म्हणाली आणि कामाला लागली. हात इतका हलका की दोन स्क्रू कधी बसले कळलं नाही.

मी पाच दिवस मिश्रीला शिवले नाही. सहाव्या दिवशी मागच्या दाढांना जरा लावली. मागच्याच. पुढे स्क्रू होते, मागे काय बिघडणार होतं? पंधराव्या दिवशी बोट पुढे आलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मोरीत उभी राहून मी मिश्री चोळत होते आणि बोटाखाली काहीतरी हललं. डावा स्क्रू. आणखी आठ दिवसांनी तो त्याच बोटाला लागून बाहेर आला, काळ्या थुंकीसकट तळहातावर. उजवाही मग काढावा लागला.

म्हणजे चूक कुणाची हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मी काय केलं? तोंड धुतलं, साडी बदलली आणि भजनी मंडळात जाऊन सांगितलं की नसरीनच्या दवाखान्यात जाऊ नका, तिला येत नाही. भाजी घेताना सांगितलं. लातूरला मुलीकडे गेले तेव्हा तिच्या सोसायटीत सांगितलं. मुख्याध्यापिकेचा शब्द, कोण खोटा म्हणणार? लोकांनी त्यात आपापली भर घातली. स्क्रू जुने असतात, अवजारं धूत नाहीत. एकीनं त्यांच्या जातधर्मावरून असं काही म्हटलं की ते मी इथं लिहिणार नाही. मी तिला थांबवलं नाही, हे मात्र लिहायला हवं.

सहा महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. नसरीन लातूरला दुसऱ्या कुणाच्या दवाखान्यात नोकरीला गेली. तिथं ती फक्त दात साफ करते, स्क्रूला हात लावत नाही, असं कळलं.

आणि मी? मला पुन्हा ती प्लेट लागणार होती. जुनी प्लेट सैल झाली होती, म्हणून निलाजरी मेहबूबभाईंकडे गेले. वाटलं, आज हा माणूस मला बोळातून हाकलणार. त्यांनी स्टूल पुढे केलं. प्लेट घेतली. स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि माझ्यासमोर ब्रशनं खाच घासायला सुरुवात केली. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. ते ओतून दुसरं घेतलं, तेही तपकिरी. तिसऱ्यांदा स्वच्छ निघालं तेव्हा प्लेट पुसून त्यांनी माझ्या हातात दिली.

मला राहवेना. "मेहबूबभाई, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. नसरीनला का नाही सांगितलं?"

ते कपाटाकडे बघत राहिले. "आज लेकीसाठी तुमचं सांगितलं, उद्या भावासाठी शेठचं सांगीन. मग हे कपाट कशाला? नेऊन चौकात ठेवतो." वाटी पालथी घातली. "मला झोप लागत न्हाई बाई. पण तुमच्या तोंडातलं तुम्हीच सांगायचं. मी कोण?"

आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. त्यांनी मला भांडायलाही जागा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लातूरची एसटी धरली. विष्णुपुरी मागे पडली तसं उतरावंसं वाटलं. लोह्याला वाटलं, अहमदपूरला वाटलं. पण शेजारी एक आजी बसली होती, पिशवीतून डबी काढून सावकाश मिश्री लावत होती. मला म्हणाली, "घेता का थोडी?" चाकूर येईपर्यंत ती डबी आमच्या दोघींच्या मध्ये उघडी होती. मी घेतली नाही. शौर्य नव्हतं ते, तोंडाला तो वास घेऊन नसरीनसमोर उभं राहायचं नव्हतं.

नसरीन एका लांब हॉलच्या कोपऱ्यात होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबी, महाशिवरात्र, ती खूण, मागची दाढ, बोट, भजनी मंडळ.  संपल्यावर तिनं खण उघडून माझ्या जबड्याचा एक्सरे काढला. कडा हाताळून हाताळून मऊ झाल्या होत्या. नांदेडच्या बाकीच्या वस्तू विकून टाकणाऱ्या मुलीनं हा का जपून आणला, हे मला विचारता आलं नाही. तो तिनं लिफाफ्यात घातला, माझ्या हातात दिला, म्हणाली, "हा आता तुमच्याकडे ठेवा," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

भजनी मंडळात सांगणं जास्त अवघड गेलं. मी आरतीनंतर उभी राहिले आणि डबी मध्ये ठेवली. बारा बायकांच्या माना डबीकडे वळल्या. मग कोपऱ्यातली एक म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं काय झालं." तिनं आपल्या कनवटीची डबी काढून माझ्या डबीशेजारी ठेवली. मग दुसरीनं. चार जणींच्या निघाल्या. माझी धरून पाच. आम्ही चौतीस वर्षं एकमेकींच्या शेजारी बसून शिवाचं नाव घेत होतो आणि सगळ्याजणी 'दात घासून' येत होतो. नसरीनबद्दल जे बोलले ते सगळं खोटं, हे मी तीन वेळा सांगितलं, वर्गात ठळक मुद्दा सांगावा तसं. नंतर भाजीवालीपाशी आणि मुलीच्या सोसायटीतही सांगून आले. वाईट बातमीपेक्षा हिला पोचायला फार वेळ लागला. पण वर्षभरानं नसरीन परत आली, इतवाऱ्यातच, वडिलांच्या खोलीवरच्या मजल्यावर.

मिश्री मी भजनी मंडळातल्या त्या दिवशीच सोडली होती. यावर अर्थात मेहबूबभाईंचा विश्वास बसला नाही. लेक परतल्यावर ते तपासणीला यायला लागले. न सांगता, शाळेत साहेब येतात तसे. फाटकापाशी सायकल, खिशात ब्रश, अंगणातल्या नळाखाली प्लेट. पहिल्या महिन्यात पाणी जरा पिवळसर निघालं.

"हळद," मी म्हणाले. खरंच हळद होती.

"हाव," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू हळदीचं."

दुसऱ्या महिन्यात ते सकाळी सहाला आले, मी मोरीत असते ती वेळ साधून. तिसऱ्या महिन्यात लातूरला मुलीकडे होते तर तिथं फोन करून, "प्लेट नांदेडला आणल्यावर धुवायची न्हाई, तशीच दाखवायची," असं बजावलं. मला संताप यायचा आणि बरंही वाटायचं. माझ्या शब्दावर विसंबून या माणसानं आपल्या मुलीचा दवाखाना घालवला होता. आता तो माझा शब्द पाण्यात घासून बघत होता, तर त्यात रागवायचं काय?

चौथ्या महिन्यात ते आले तेव्हा दम लागला होता. सायकल चालवत नव्हते, तिच्या आधारानं चालत होते. मी आत बसा म्हटलं, पहिल्यांदाच ते पायरीवर टेकले. प्लेट घासली, ओंजळीत पाणी धरलं, डोळ्यांजवळ नेलं. दिसायला कमी झालं होतं, म्हणून मलाच म्हणाले, "बाई, बघा हो, कसं हाय?"

"स्वच्छ आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शेजारणीला बोलावून विचारतील. पण त्यांनी ओंजळ सोडून दिली, हात लुंगीला पुसले, म्हणाले, "नसरीनकडं जा आता." उठले, सायकलचं हँडल धरलं आणि रस्त्याच्या कडेनं, पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत मागे न बघता गेले. वळणावर एक ओळखीचा माणूस त्यांच्याशी हसून काही बोलला. मेहबूबभाई थांबले आणि त्याच्या तोंडाकडे, मान जराशी वाकडी करून, बराच वेळ बघत राहिले.

त्यानंतर वीस दिवसांनी ते गेले.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी नसरीनकडे गेले. जुन्या जागी हाडाची भर घालावी लागली, मग काही महिन्यांनी स्क्रूचा दिवस ठरला. या वेळी कागदावरचा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि चौकोनातली खूण खरी होती. तिचा हात स्क्रू उचलताना एकदा थांबला. तिनं डोळे मिटून श्वास घेतला आणि पुन्हा उचलला. दोन्ही बसल्यावर माझ्या तोंडात कापूस कोंबला. ओठ, जीभ, नाक सगळं बधिर. आयुष्यभर बोलत आलेली मी, मला हूं म्हणण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. तेव्हा नसरीननं हातमोजे काढले, माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "बाई, पहिल्या वेळी आरसा घातला तेव्हाच मला मिश्रीचा वास आला होता. तुमच्यावर संशय घेणं जमलं नाही, म्हणून मी तो माझ्या हातांवर घेतला."